गगनबावड्यातून परदेशी विद्यापीठाकडे : इंटर्नशिप, शिष्यवृत्त्या आणि दीड वर्षाची तयारी

कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, कोकणात उतरणाऱ्या करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या माथ्यावर गगनबावडा वसले आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वांत लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत ती ३५ हजारांच्या आसपास भरली होती. पाऊस मात्र वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, वीज जाते, मोबाईलचा संपर्क तुटतो. राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्यांचे अर्ज मागवले जातात तेही साधारण मे ते जुलै या काळात. शहरातील विद्यार्थी जे काम शेवटच्या आठवड्यात उरकतो, ते येथील विद्यार्थ्याला वळवाचे ढग जमण्यापूर्वीच करून ठेवावे लागते.

परदेशी शिक्षण म्हटले की पहिला प्रश्न विचारला जातो तो पैशांचा. तो रास्तच आहे. पण तालुक्याच्या गावातील अनेक विद्यार्थ्यांची संधी त्याआधीच हुकलेली असते. गुण पुरेसे असतात, योजनाही असते. चुकतो तो क्रम. आधी इंटर्नशिप, मग कागदपत्रे, मग प्रवेश आणि त्यानंतर शिष्यवृत्ती किंवा कर्ज, हा क्रम सांभाळायचा तर पदवीच्या दुसऱ्या वर्षातच सुरुवात करणे भाग आहे. कोर्स सुरू होण्याआधी किमान १८ महिने, हा हिशेब धरून चालावे.

कोल्हापूरची जुनी वाट

खेड्यातील मुलाने घर सोडून शिकावे यासाठी कोल्हापुरात फार पूर्वी प्रयत्न झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. १९०२ मध्ये ते इंग्लंडला गेले, केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली, आणि ते परदेशात असतानाच २६ जुलै रोजी संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला.

परदेशी शिक्षणाचा खर्च कसा जुळवावा लागतो हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उदाहरणावरून चांगले समजते. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड आणि अट परत आल्यावर दहा वर्षे संस्थानच्या सेवेची. तेथून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. तथापि शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हाती होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज अशा तीन वाटांनी आलेल्या पैशांवर. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. आजच्या विद्यार्थ्याचे अंदाजपत्रकही बहुधा असेच तीन खिशांतून जुळते. शिष्यवृत्ती किती वर्षांची, मुदत वाढते का, परत येण्याची अट काय, हे प्रश्न शंभर वर्षांनंतरही तेच आहेत.

इंटर्नशिप : घराच्या परिसरातून सुरुवात

परदेशातील इंटर्नशिपची जाहिरात पाहून अनेक विद्यार्थी थेट तिकडे अर्ज करतात. जर्मनीच्या डाड या संस्थेच्या उन्हाळी इंटर्नशिप योजनेसारख्या काही योजना ठरावीक राष्ट्रीय संस्थांतील विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित राहिल्या आहेत, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी आपले महाविद्यालय पात्र यादीत आहे का हे पाहावे. पैसे भरून मिळणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय इंटर्नशिप'पासून तर चार हात दूरच राहिलेले बरे. दोन आठवडे परदेशी शहर दाखवून दिलेले प्रमाणपत्र प्रवेश समितीपुढे फारसे उपयोगी पडत नाही.

याउलट देशांतर्गत संशोधन इंटर्नशिपला वजन आहे. भारतातील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. साधारण दोन महिने एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येते आणि विद्यावेतनही मिळते. अर्ज बहुधा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात, म्हणजे आदल्या वर्षीच भरावे लागतात. अर्जासोबत एक लहानसे टिपण आणि प्राध्यापकांचे शिफारसपत्र द्यायचे असते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम यांचीही माहिती विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षाआधीच मिळवावी.

टिपणात लिहायचे काय, हा प्रश्न गगनबावड्याच्या विद्यार्थ्याला खरे तर पडू नये. पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील चार स्थळांपैकी राधानगरी अभयारण्य शेजारच्याच तालुक्यात आहे. जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी आणि दोन महिन्यांत नाहीशी होणारी वनस्पतिसृष्टी, घाटमाथ्यावरचा पाऊस आणि अवघ्या काही मैलांवर पूर्वेला होणारी त्याची घट, दरडींची कारणे, कुंभी नदीच्या खोऱ्यातील ऊस आणि भात यांची बदलती पीकपद्धती, हे विषय परदेशी विद्यापीठांतील पर्यावरण, जलविज्ञान व कृषी विभागांत आस्थेने अभ्यासले जातात. एका पावसाळ्यात रोज पर्जन्यमापकाची नोंद ठेवणारा किंवा एकाच सड्यावरील फुलोऱ्याच्या तारखा तीन वर्षे टिपणारा विद्यार्थी हा प्रवेश समितीच्या दृष्टीने संशोधनाचा अनुभव असलेला उमेदवार ठरतो. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला सह्याद्रीतील क्षेत्रीय अभ्यासाची दीर्घ परंपरा आहे. तेथील प्राध्यापकांची भेट घेण्यास बसभाड्यापलीकडे काही लागत नाही.

वाणिज्य आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही जवळपास काम शोधता येते. तालुक्यात वेसरफ-पळसंबे येथे सहकारी साखर कारखाना आहे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पुढे कोल्हापुरी चपलेलाही ते मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीशी मिळतीजुळती चप्पल मिलानच्या प्रदर्शनात मांडली, त्यावरून झालेला वाद जगभर गाजला. बौद्धिक संपदा कायदा किंवा आंतरराष्ट्रीय व्यापार शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने अशा एखाद्या उत्पादक संस्थेत दोन महिने हिशेब लिहिले, निर्यातीची कागदपत्रे पाहिली, तर उद्देशपत्रात लिहायला स्वतःचे असे काही राहते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक देण्यात आले आहेत. हे श्रेयांक ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून पदरात पाडून घेण्याची प्रथा काही ठिकाणी रुजू लागली आहे. त्यात नुकसान विद्यार्थ्याचेच होते.

केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची त्याच वर्षीची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या पूर्णवेळ शिक्षण घेत नसलेल्यांसाठी आखण्यात आल्या. पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करू इच्छिणाऱ्यांनी अशा योजनांचा विचार करावा. नियम व मुदती त्या त्या वर्षी पडताळून घ्याव्यात.

शिष्यवृत्ती कोणाला, कोणती

शासकीय परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गनिहाय वेगवेगळ्या विभागांकडे आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. आरंभीच्या मोजक्या जागा वाढत वाढत ७५ पर्यंत गेल्या. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता, विमा आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे तीत मिळते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना आहे. गगनबावड्याच्या डोंगरकपारीतील धनगरवाड्यांवरील मुलामुलींना लागू होते ती हीच. खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांसाठी उच्च व तंत्रशिक्षण विभागाची, तर मराठा व कुणबी समाजासाठी 'सारथी'ची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. 'सारथी'चे उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. आदिवासी विकास विभागाची योजना स्वतंत्र.

या सर्व योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. उत्पन्नाची मर्यादा, वय, गुणांची अट आणि मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा यांत वारंवार बदल होतात. २०२४ मध्ये असे बदल झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांना तीव्र विरोध केला होता. त्यामुळे गेल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याकडून ऐकलेल्या अटींवर विसंबू नये, चालू वर्षाचा शासन निर्णय आणि जाहिरात स्वतः वाचावी.

केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी असून उरलेल्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहेत. शेतमजूर व कारागिरांच्या जागांची माहिती खेड्यात फार थोड्यांना असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत आणि वय ३५ वर्षांखाली असावे लागते. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळण्यात आले, हे इतिहास व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. निवड झाली म्हणजे पैसे मिळाले असेही समजू नये. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी पहिल्या ४० जणांनाच सुरुवातीला तात्पुरती पत्रे देण्यात आली आणि बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे मिळतील असे कळवण्यात आले. विद्यापीठे सप्टेंबरात उघडतात, तेव्हा जुलैतील अशी अनिश्चितता विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष घेऊन जाऊ शकते. प्रवेश पुढील सत्रापर्यंत लांबवता येतो का, हे विद्यापीठाला आधीच विचारून ठेवणे शहाणपणाचे.

जात-प्रवर्गाशी संबंध नसलेल्या शिष्यवृत्त्यांत युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस ही तालुक्यातील विद्यार्थ्याला सर्वांत अनुकूल म्हणता येईल. तीत किमान दोन देशांत शिकता येते, शुल्क माफ असते आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत. ब्रिटनच्या चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा, तर अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून त्या पदवीनंतर लगेच मिळण्यासारख्या नाहीत. १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा एन्डोमेंट हा निधी कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन टाटांच्या शिष्यवृत्तीवरच लंडनला शिकले.

कागदपत्रे : सर्वाधिक वेळ येथेच जातो

बहुतेक राखीव योजनांत जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळवावे लागते. दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा द्यावा लागतो. ज्या वाड्यांवर त्या काळी शाळाच नव्हती, तेथील कुटुंबांकडे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कोठून येणार? अशा वेळी तहसील कार्यालयातील जुन्या जन्म-मृत्यू नोंदी म्हणजे गाव नमुना १४, शेजारच्या गावातील शाळेचे जनरल रजिस्टर, रक्ताच्या नात्यातील कोणाचे आधीच झालेले वैधता प्रमाणपत्र यांचा शोध घ्यावा लागतो. हे काम महिन्यांचे आहे.

दुसरी अडचण नावाची. मराठी गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर नाव व आडनाव वेगळ्या रकान्यांत जाते. शाळेचा दाखला, आधार आणि पदवी प्रमाणपत्र यांतील एखाद्या अक्षराचा फरक व्हिसाच्या वेळी डोकेदुखी होतो. म्हणून पासपोर्ट काढण्याआधी सर्व कागदांवरील नाव एक करून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून त्या त्या आर्थिक वर्षासाठी घ्यावा लागतो, तो फार आधी काढून उपयोग नाही. विद्यापीठाकडून सर्व सत्रांचे एकत्रित गुणपत्रक, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, मागवण्यासही वेळ लागतो.

शिफारसपत्रांबाबत एक व्यावहारिक बाब. अनेक परदेशी विद्यापीठे प्राध्यापकांचा महाविद्यालयीन ई-मेल पत्ता मागतात. लहान महाविद्यालयांतील प्राध्यापक खासगी ई-मेलच वापरत असतील, तर संस्थेच्या नावाचा पत्ता आधी सुरू करून घेण्याची विनंती करावी. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. ती घाईने पहिल्या वर्षात देऊ नये, अर्जाच्या सहा-आठ महिने आधी द्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शासकीय शिष्यवृत्तीला बिनशर्त प्रवेशपत्र लागते. अंतिम सत्राचा निकाल लागेपर्यंत विद्यापीठ देते ते सशर्त पत्र. निकाल जुलैत आणि अर्जाची मुदतही त्याच सुमारास, अशी कोंडी होते. अशा वेळी पदवीनंतर एक वर्ष थांबून, त्या वर्षात इंटर्नशिप करून, पुढच्या फेरीत निर्धास्तपणे अर्ज करणे हाच मार्ग अधिक खात्रीचा वाटतो. वर्ष वाया गेले अशी घरच्यांची समजूत होते. ती दूर करावी लागते.

देश आणि खर्च

तीन वर्षांची भारतीय पदवी ब्रिटनमध्ये पदव्युत्तर प्रवेशाला चालते, अमेरिकेतील अनेक विद्यापीठे मात्र एकूण सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो भरावे लागतात. निर्वाहखर्चाची रक्कम बंदिस्त खात्यात आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती वर्षाला ११,९०४ युरो करण्यात आली. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस हे कागदपत्र पडताळणीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे.

सल्लागार संस्था विनामूल्य मार्गदर्शन करतात याचे विद्यार्थ्यांना अप्रूप वाटते. त्यांना बहुधा विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते, साहजिकच शुल्कमाफीच्या सार्वजनिक विद्यापीठांची नावे त्यांच्या यादीत क्वचित दिसतात.

कर्ज काढायचे झाल्यास

शिष्यवृत्ती न मिळाल्यास किंवा अपुरी पडल्यास शैक्षणिक कर्जाचा विचार होतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी पतहमीमुळे तारण लागत नाही. त्यापुढे बँका तारण मागतात, आणि परदेशी शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात साधारण १५ टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. येथे तालुक्यातील शेतकरी कुटुंबाची अडचण होते. चार एकर ऊस असला तरी अनेक बँका शेतजमीन तारण म्हणून स्वीकारण्यास तयार नसतात, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याखालील वसुली शेतजमिनीला लागू नाही. गावठाणातील घराला पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे कागद नसे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ज्या गावांत मालमत्तापत्रक मिळाले आहे, तेथे ते बँकेला दाखवता येते. आपल्या गावाचे काम झाले आहे का, याची चौकशी भूमी अभिलेख कार्यालयात करावी.

ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःच्या पैशांचा पुरावा द्यायचा असेल तर पुरेशी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. ऊस तुटल्यानंतर १४ दिवसांत बिल द्यावे असा नियम असला तरी कारखान्यांची बिले हप्त्याहप्त्याने आणि पुढेमागे जमा होतात हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. खात्यातली रक्कम मध्येच एक दिवस जरी ठरलेल्या आकड्याखाली गेली तरी २८ दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र जोडले तर या मोजणीत पडावे लागत नाही. म्हणून कर्जाचा अर्ज मार्च-एप्रिलमध्येच बँकेत गेलेला असावा.